कुणाच्या हातचं?

चीनमधल्या कुठल्याही शहरात जा. पेइचिंग, शांघाय, क्वांगचौ, नाहीतर आपण कधी नावही ऐकलं नाही असं एखादं कारखान्याचं गाव. स्टेशनाबाहेर, बसअड्ड्याजवळ, कामगारांच्या खोल्यांच्या तोंडाशी एक दुकान दिसतंच. चार-सहा टेबलं, भिंतीवर वाडग्यांचे फोटो आणि भाव, आत उकळता हंडा. आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी घातलेला एक पोरगा. त्याच्या हातात कणकेची लडी. ताणतो, दुमडतो. ताणतो, दुमडतो. फळीवर आपटतो. मग हंड्यात फेकतो. दुकानावर पाटी असते : लानचौ लामिएन. 'ला' म्हणजे ओढणं. 'मिएन' म्हणजे गव्हाच्या पिठाचे नूडल्स.

हातानं ओढलेले. दोस्तहो, ही या दुकानाची जाहिरात आहे. यंत्राचं नाही, हातचं आहे, म्हणून या आणि खा.

आपल्या मुलखात हाताची जाहिरात करायची काय कुणाची छाती होती? 'कुणाच्या हातचं?' हा आपल्याकडे चवीचा प्रश्न नाही. सोयरीक, पंगत, पाणवठा, देवळाचा प्रसाद, सगळं या एका प्रश्नावर चालत आलं. हात ओळखायचा, मग घास तोंडात घालायचा. आणि हात ओळखू येत नसेल तर आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, गावात घर कुठल्या अंगाला ते विचारायचं. २०११-१२ साली भारत मानव विकास सर्वेक्षण झालं, त्यात सत्तावीस टक्के घरांनी कबूल केलं की आम्ही अस्पृश्यता पाळतो. हे तोंडानं कबूल करणारे. बाकीचे किती सभ्य, ते ज्यानं त्यानं आपल्या अनुभवातून ठरवावं.

कुणी म्हणेल, चळवळीच्या पानावर चिनी नूडल्सचं काय काम? इथं घरं जळतायत आणि हे खाण्यावर लिहितात. अरे बाबा, मारामाऱ्या झाल्या त्या खाण्यावरच ना? महाडला १९२७ साली पाण्याला हात लावला म्हणून डोकी फुटली. बिर्याणीवर किंवा पुरणपोळीवर पांढरपेशे सदर लिहितात तेव्हा ती संस्कृती होते. आपण लिहिलं की विषयांतर.

आधी ते कसं करतात ते बघा. पीठ चांगल्या चिकाच्या गव्हाचं लागतं. पाणी, मीठ, आणि एक राख. त्या कोरड्या मुलखात उगवणारं एक झुडूप जाळून खारट राख काढत, तिला 'फंगह्वेइ' म्हणतात. त्या राखेच्या पाण्यानं कणकेला ताण येतो आणि पिवळसर रंग चढतो. आता बहुतेक दुकानांत कारखान्याची पुडी वापरतात. कणीक मळायची, झाकून ठेवायची, परत मळायची. मग लडी करून दोन टोकं धरायची, झोका द्यायचा, पीळ घालायचा, सोडायचा, परत पीळ. पिठातला चीक एका दिशेला लागेपर्यंत हे चालतं. नंतर खरी ओढ. एकाचे दोन, दोनाचे चार. सात वेळा दुमडलं की एकशे अठ्ठावीस पदर, आठव्यांदा दोनशे छप्पन्न. घड्याळात हे काम मिनिटाभराचं. पण हात तसा वळायला पोराची वर्षं जातात, आणि दिवसभर हेच करणाऱ्याचे खांदे किती वर्षं टिकत असतील हे वेठबिगारी केलेल्याच्या पोराला सांगायला नको.

गिऱ्हाईक जाडी सांगतं. केसासारखे बारीक, बारीक, त्याहून जरा जाड, लसणीच्या पातीसारखे चपटे, पट्ट्यासारखे रुंद. आणि एक तीन धारांचा प्रकार असतो, त्याला कुट्टूच्या दाण्याचं नाव दिलंय. वरून बैलाच्या मांसाचा आणि हाडांचा रस्सा. लानचौचे लोक त्याची पाच रंगांत परीक्षा करतात : रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणीची पात हिरवी, नूडल्स पिवळे. हे त्यांचं सकाळचं खाणं. मजूर, मास्तर, हापिसातला साहेब, सगळे वाडगं हातात धरून फुरके मारतात. दुपार कलली की खुद्द लानचौतली बरीच दुकानं बंद.

या वाडग्याची किंमत म्हणजे राजकारण. २००७ साली मांस, पीठ, तेल सगळं महाग झालं आणि लानचौतल्या दुकानदारांनी वाडग्यामागे अर्धा युआन वाढवला. शहरात बोंब झाली. सरकारनं फतवा काढला, साध्या दुकानात मोठ्या वाडग्याला अडीच युआनच्या वर घ्यायचे नाहीत. गरिबाचं खाणं स्वस्त राहिलं पाहिजे, याला कोण नाही म्हणेल? पण वाडग्याच्या भावाला लगाम घालणं सोपं असतं, बाजाराला लगाम घालणं अवघड असतं. मधला तोटा ओढणाऱ्याच्या मजुरीतून निघतो की मालकाच्या गल्ल्यातून, हा प्रश्न फतव्यात नसतो. आपल्याकडे झुणका-भाकर केंद्रं निघाली तेव्हाही भाकरी थापणाऱ्या बाईला काय मिळतं हे कुणी विचारलं होतं?

आता हात कुणाचा, ते.

हा हात ह्वेइ मुसलमानाचा. चिनी बोलणारे, चिनी दिसणारे, पण डुक्कर न खाणारे, मशिदीत जाणारे. लानचौ ही कान्सू प्रांताची राजधानी, ह्वांगहोच्या काठावरची. तिथं असं सांगतात की १९१५ च्या सुमाराला मा पाओत्झ नावाचा एक गरीब ह्वेइ माणूस घरी केलेले नूडल्स खांद्यावरच्या कावडीतून गल्लोगल्ली विकायचा. तिथून हा रस्सा नावारूपाला आला. कावड हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे लोक त्या मुलखात नुसते मजेत राहत नव्हते. १८६२ ते १८७३ या काळात शेन्शी आणि कान्सूत ह्वेइंचा उठाव झाला. छिंग बादशाहीच्या फौजांनी तो रक्तात बुडवला. जे उरले त्यातल्या शेन्शीच्या ह्वेइंना उचलून नापीक डोंगराळ जमिनीवर नेऊन टाकलं. जमीन नाही, पाणी नाही. मग खाटीकपणा, खेचरं हाकणं, फेरीचा धंदा. ज्याच्याखालची जमीन काढून घेतली त्याला हातापायावरच पोट भरावं लागतं. हे गणित आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि आणखी एक गंमत. चीनभर ज्या दुकानांवर 'लानचौ लामिएन' अशी पाटी आहे, त्यातली बहुतेक लानचौच्या माणसांची नाहीतच. ती शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या ह्वालुंग नावाच्या डोंगरी तालुक्यातल्या ह्वेइंची. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून ही माणसं किनाऱ्यावरच्या शहरांत उतरली. नात्यागोत्यातून पैसे जमवायचे, नवराबायको आणि एकदोन भाचेपुतणे घेऊन निघायचं, सोळा तास राबायचं. पोरगं आधी वाडगी धुतं, मग कणीक मळतं, मग ओढायला शिकतं, आणि चार पैसे साठले की स्वतःचं दुकान टाकतं, आणखी चार भाचे बोलावतं. लानचौचे लोक यावर नाक मुरडतात. म्हणतात, आमच्या गावात 'लानचौ लामिएन' असलं काही मिळत नाही, आम्ही त्याला गोमांसाचे नूडल्स म्हणतो, हे बाहेरच्यांनी आमचं नाव चोरलं. चोरलं तर चोरलं! ह्वालुंग नावाची पाटी लावली असती तर कोण फिरकलं असतं? गरिबाला आपल्या गावाचं नाव सांगून धंदा करता येत नाही, ही गरिबाची चोरी की गिऱ्हाइकाची?

बाबासाहेब सांगत होते, खेडं सोडा, शहरात जा. ह्वालुंगच्या माणसानं तेच केलं. फरक एवढाच, की तो शहरात गेल्यावर त्याच्या हातचं खायला हान चिन्यांनी रांग लावली. आपला माणूस मुंबईला आला तर गिरणीत त्याला साचेखात्यात घेत नव्हते. तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, महाराची थुंकी लागली तर कापड बाटेल म्हणून.

इथं घाई करून चीनला स्वर्ग ठरवू नका. आपल्यात माओचं लाल पुस्तक खिशात घालून फिरणारे काही कमी नव्हते, आणि 'वर्ग संपला की सगळं संपतं' असं म्हणणारे अजूनही आहेत. चीनमध्येही 'हीन लोक' म्हणून नोंदवलेले समाज होते, गाणारे-वाजवणारे, भिकाऱ्यांच्या वस्तीतले. त्यांची ती नोंद पुसायचा हुकूम १७२३ साली यूंगचंग बादशहानं काढला. हुकूम काढला म्हणून माणसाच्या डोक्यातली नोंद पुसली गेली असं समजायला आपण काय दूधखुळे आहोत? पण ह्वेइ म्हणजे चीनचा अस्पृश्य, असंही मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. त्याच्या हाताचा विटाळ नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे, आणि ते पाटीवर आहे.

या दुकानांच्या पाटीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असत. चिनी अक्षरांत 'छिंगचेन', आणि अरबी लिपीत 'हलाल'. छिंगचेन या शब्दाचा अक्षरशः अर्थ शुद्ध आणि खरं. शुद्ध म्हटल्याबरोबर आपल्या अंगावर काटा येतो, कारण आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी'ची पाटी नुसती भाजीची खबर देत नाही. भाड्याच्या खोलीपर्यंत ती पाटी आपला पाठलाग करते. छिंगचेनमधली शुद्धता भांड्यात काय शिजतं त्याची आहे. डुक्कर नाही, दारू नाही. ह्वेइ माणूस हानाच्या घरी जेवायला कचरतो, हे खरं, पण हान त्याच्या दुकानात बसला म्हणून त्याचं टेबल धुवून काढत नाही. सोवळं भांड्याला आहे, माणसाला नाही. एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं मनुस्मृतीवर बोलू नये.

तर २०१९ साली पेइचिंगमध्ये सरकारी माणसं दुकानादुकानांत गेली. पाटीवरची अरबी अक्षरं काढा, चंद्रकोर काढा. ही परकी संस्कृती आहे, चिनी संस्कृती वापरा. एका नूडल्सच्या दुकानात तर व्यवस्थापकाला 'हलाल' हा शब्द झाकायला लावला आणि तो झाकेपर्यंत ती माणसं उभी राहून बघत होती. रॉयटर्सनं ही बातमी दिली. चिनी अक्षरांतलं छिंगचेन चालेल, अरबी चालणार नाही. नूडल्स तेच, रस्सा तोच, हात तोच. फक्त हाताची ओळख पुसून टाका. कामगारांच्या नावानं राज्य करणाऱ्या पक्षाला कामगाराची पाटी खुपते!

आता मायदेशी या. २०२४ चा जुलै. उत्तर प्रदेशात कावड यात्रा. ज्या कावडीतून गंगेचं पाणी नेतात, तिच्या वाटेवरच्या प्रत्येक खाणावळीनं, टपरीनं, हातगाडीनं मालकाचं नाव ठळक लिहायचं, असा फतवा. आधी मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी काढला, मग राज्यभर, मग उत्तराखंडातही. कारण काय, तर यात्रेकरूंचा गोंधळ होऊ नये. कसला गोंधळ? केळं मुसलमानानं विकलं की हिंदूनं, यानं केळ्याच्या चवीत फरक पडतो? २२ जुलैला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. काय खायला मिळतं ते लिहा, कोण देतं ते लिहायची सक्ती नाही.

तिकडं नाव पुसायची सक्ती, इकडं नाव लिहायची सक्ती. दोन्हीकडं वर्दीतला माणूस पाटीसमोर उभा. दोन्हीकडं हाताला विचारलं जातं, तू कुणाचा? फतव्याचं निशाण मुसलमान होता, हे उघड आहे. पण नाव लिहायचं म्हटलं की आडनाव येतं, आणि आडनाव आलं की आपलीही पाळी येते. मुसलमानाच्या केळ्यावरून सुरू झालेली यादी वाल्मीकीच्या चहावर आणि जाटवाच्या समोशावर आल्याशिवाय थांबेल, असं ज्याला वाटतं त्यानं उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्याची गोष्ट आठवावी. २०२१ चा डिसेंबर. सरकारी शाळेत भोजनमाता म्हणून दलित बाई नेमली. सवर्णांच्या पोरांनी जेवण नाकारलं. बाईला काढलं. ओरड झाली तेव्हा परत घेतलं. दहाबारा वर्षांची पोरं, त्यांना कुणी शिकवलं कुणाचा हात कुठला? घरातच पाठ होतं. अभ्यासक्रमात नसलेला एकच विषय, ज्यात देशाचे सत्तावीस टक्के पास.

पाटीवरून गंगाराम कांबळे आठवतो. कोल्हापुरात राजवाड्याच्या पागेत नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला गुरासारखं बडवलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला सांगितलं, नोकरी सोड, धंदा कर. गंगारामनं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. महाराच्या हॉटेलात कोण येणार? माशी फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवायचे, गंगारामच्या हातचा चहा प्यायचे आणि बरोबरच्या बामण-मराठ्यांनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? आपण ही गोष्ट दर जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. पण तिच्यातला सल कुणी बोलत नाही. चहा चांगला होता म्हणून कुणी प्याला नाही. राजाच्या धाकानं प्याले. १९२२ साली राजा गेला. आज ना राजा, ना धाक, आणि पाटीवर 'कांबळे टी हाऊस' लिहायला आपला पोरगा अजून दहा वेळा विचार करतो.

आता एक जुना हिशेब. लानचौ ज्या कान्सूत आहे, तो मुलूख म्हणजे चीनमधून हिंदुस्थानात यायची जुनी वाट. बुद्धाचा शब्द त्या वाटेनं तिकडं गेला, आणि तो मुळातून वाचायला भिक्खू त्याच वाटेनं इकडं आले. फाहियान ३९९ साली निघाला, कान्सूतनंच आला. त्यानं लिहून ठेवलं की इथले चांडाळ वेगळे राहतात आणि शहरात किंवा बाजारात शिरताना लाकडाचा ठोका देतात, म्हणजे लोकांना बाजूला होता यावं. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला, लानचौवरूनच. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशीच्या राज्यात. त्यानं खाटीक, कोळी, फाशी देणारे, झाडूवाले यांची घरं शहराबाहेर असल्याची नोंद केली. वेद, पुराणं, स्मृती लिहिणाऱ्यांना जे पाप वाटलं नाही, ते बाहेरून आलेल्या भिक्खूच्या डोळ्यांना दिसलं. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' मध्ये या दोघांची साक्ष काढली आणि तपासली. फाहियान फक्त चांडाळांबद्दल बोलतो, तेवढ्यावर अस्पृश्यता सिद्ध होत नाही, असं सांगितलं. ह्युएनत्संगाच्या वेळी मात्र ती आली होती, असा निष्कर्ष काढला. तिचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराला धरला, आणि तिचं मूळ गोमांसात आणि बुद्धाविरुद्धच्या ब्राह्मणी लढाईत शोधलं. म्हणजे कसं बघा, ज्या वाटेवरून आपल्या विटाळाचे साक्षीदार आले, त्याच वाटेवर आज गोमांसाच्या रश्श्यात हातानं ओढलेले नूडल्स विकले जातात. इतिहास असा थोबाडात मारतो.

आपल्याकडे चिनी खाणं आलं ते या वाटेनं नाही. ते कलकत्त्याच्या बंदरातून आलं आणि कातड्याच्या वासातून आलं. गल्लीतल्या गाडीवर 'हक्का नूडल्स' म्हणून ओरडतात ना, तो हक्का म्हणजे कोण, विचारलंय कधी? हक्का ही दक्षिण चीनमधली एक जमात, नावाचा अर्थ पाहुणे घरं. म्हणजे आपल्याच देशात परके. ही माणसं कलकत्त्याला आली आणि टँग्रा नावाच्या दलदलीत त्यांनी चामड्याचे कारखाने काढले. का, तर चामड्याला शिवणं सवर्ण हिंदूंना पाप. जागा मोकळी होती. ते शिवले. आणि त्यांच्या हौदांत, चुन्यात, कातड्यात कामाला कोण? बिहारातून आलेले चांभार. मालक चिनी, मजूर चांभार, आणि पाटबंद बूट घालून कलकत्त्याच्या देवळात जाणारा भद्रलोक बाहेर.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. ज्यांनी चीन डोळ्यांनी पाहिला नव्हता अशा चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना धरून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. म्हातारे, बाया, पोरं. काहींना चार-पाच वर्षं. याची माफी आजवर कुणी मागितलेली नाही. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं गंगेच्या प्रदूषणाच्या खटल्यात कलकत्त्यातले चर्मकारखाने शहराबाहेर बानतलाला हलवायचा हुकूम दिला. टँग्रातल्या शेडांमध्ये एकामागून एक हॉटेलं उभी राहिली. आज तिथं लोक जेवायला मोटारी घेऊन जातात आणि 'चायनाटाउन'चे फोटो काढतात. हक्का मालकाला निदान चूल उरली. हौदात उभं राहून ज्यांचे पाय सडले त्या चांभारांचं नाव कुठल्या पदार्थाला मिळालं? हक्का नूडल्स आहे. चांभार नूडल्स नाही. नुसतं वाचूनही काहींच्या पोटात ढवळलं असेल. ते ढवळणं म्हणजेच जात.

आपल्या शहरातल्या चायनीजच्या गाड्या बघा. लाल रंग, ड्रॅगन, आणि खाली 'साई', 'जय मल्हार', 'गणेश'. मंचुरियन नावाचं जे काही तळून देतात ते मंचुरियात कुणाला माहीत नाही. नूडल्स कारखान्यातले, हाताचा ताण फक्त कढईला. गाडीवर नेपाळी पोरगा, बिहारी पोरगा, नाहीतर आपल्याच वस्तीतला. पंचतारांकित हॉटेलात नूडल्स ओढायचा तमाशा दाखवतात, गिऱ्हाईक मोबाइल वर करून टाळ्या वाजवतं. त्याच हॉटेलातल्या मोरीवर हात कुणाचे, तो आचारी कुठल्या वस्तीतून येतो, हे कुणी विचारत नाही. दुरून आलेला हात कला होतो. शेजारचा हात विटाळ.

आणि बैलाचा रस्सा तर विसराच. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. २०१६ साली हायकोर्टानं बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची शिक्षा तेवढी काढली. बाबासाहेबांनी १९२७ साली मेलेल्या ढोराचं मांस टाकायला सांगितलं, आपण टाकलं. ते आपण आपल्या स्वाभिमानानं टाकलं. हे सरकारनं हिसकावलं. पहिल्याची सांगड दुसऱ्याशी घालून 'तुमच्या बाबासाहेबांनीही सांगितलंच होतं की' असं म्हणणारे आपल्या सभांतून येऊ लागलेत. त्यांना तिथल्या तिथं उत्तर द्या. लानचौची पाच रंगांची परीक्षा पास होईल असा वाडगा महाराष्ट्रात करायचा तर म्हशीवर भागवावं लागेल, आणि म्हशीचं मांस पिशवीत घेऊन निघालेला माणूस घरी पोचेल याची हमी नाही.

हाताचं कौतुकच करायचं तर इतक्या लांब जायला कशाला पाहिजे? नागपूरकडं आपल्या बाया मडक्यावरची लांब रोटी करतात. गव्हाचं पीठ सैल भिजवायचं, मीठ घालायचं, परातीत आपटून आपटून त्याला तार सुटेपर्यंत मळायचं. मग गोळा हातावर घेऊन झुलवायचा, मनगटावरून कोपराकडं, एका हातावरून दुसऱ्या हातावर. तो आपल्याच वजनानं लांबत जातो, पलीकडचं दिसेल इतका पातळ होतो. चुलीवर पालथं मडकं तापलेलं असतं, त्यावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. लानचौच्या पोराच्या हाताला जे कसब म्हणता, ते हेच. पिठातल्या चिकाला माणसाचा हात ओळखता येतो, जात ओळखता येत नाही. पण मराठी खाद्यसंस्कृतीचे जे जाडजूड गौरवग्रंथ निघतात त्यांत या हाताला किती पानं मिळाली? मांग-महारांच्या चुलीवरचं काय ते लिहायला शाहू पाटोळ्यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली काढावं लागलं. तोवर आमचं अन्न ब्रह्माच्या हिशेबातच नव्हतं.

काही मित्रांचं म्हणणं असं, की आता आपल्या पोरांनी गाड्यांवरून देवबीव काढावेत आणि ठळक अक्षरांत 'भीम चायनीज' लिहावं. लपायचं किती? मला हे पटतं आणि पटत नाही. पटतं, कारण लपून मिळालेला पैसा रात्री झोपू देत नाही. कुणीतरी आडनाव विचारेल या धास्तीत कढई हलवणं म्हणजे जुन्या काळचं मडकंच गळ्यात बांधून फिरणं. पटत नाही ते यासाठी, की हप्ता फेडायचाय त्याला, लेख लिहिणाऱ्याला नाही. ह्वालुंगच्या माणसानं लानचौचं नाव घेतलं आणि आपली पोरं शिकवली. त्याला मी भेकड म्हणू? नाव लिहायचं की नाही, हे ज्याच्या हाताला पीठ लागलंय त्यानं ठरवायचं. पेइचिंगच्या अधिकाऱ्यानं नाही, मुझफ्फरनगरच्या फौजदारानं नाही, मिरवणुकीतल्या टोळक्यानं नाही, आणि पानभर लेख खरडणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर नाहीच नाही.

पण त्यानं लिहायचं ठरवलं, तर त्याच्या गाडीसमोर पहिल्या दिवशी उभं कोण राहणार? गंगारामला राजा होता. इथं आपणच आहोत. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात पँथरनं फक्त आपली जात घातली नव्हती. कामकरी, भूमिहीन, बाया, आणि धर्माच्या नावावर पिळले जाणारे सगळे घातले होते. त्या व्याख्येत लानचौच्या पाटीमागचा पोरगा बसतो, कावडीच्या वाटेवरचा केळीवाला बसतो, टँग्राच्या हौदातला चांभार तर बसतोच. मग मुझफ्फरनगरमध्ये नावाच्या पाट्या लागल्या त्या आठवड्यात आपल्या किती शाखांनी मोर्चा काढला? कितींनी म्हटलं, तो मुसलमानांचा प्रश्न आहे?

गेल्या जयंतीला आपल्या वस्तीत वर्गणी जमली, डीजे आला, बॅनर लागले. जेवणाचं कंत्राट 'शुद्ध शाकाहारी' केटरर्सला दिलं. मडक्यावर रोट्या करणाऱ्या चार बाया त्याच गल्लीत राहतात. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या चौदा एप्रिलला कंत्राट कुणाला द्यायचं, हे ठरवायची बैठक मार्चमध्ये असते. त्या बैठकीला या.